पट्टा, म्यान आणि शिवणारा हात

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पोलीस कवायतीच्या मैदानावर रांग उभी राहिली की पाहणाऱ्याची नजर आधी चेहऱ्यांवरून फिरते, मग खांद्यावरच्या फितींवर जाते आणि शेवटी कमरेच्या पट्ट्यावर स्थिरावते. पट्ट्याला पॉलिश केलेले असते, पितळी बक्कल उन्हात चमकत असते. अधिकाऱ्याच्या कमरेला होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचे चामडी म्यान, लटकत असते. पट्ट्याच्या दोन्ही कडांनी धावणारी टाक्यांची ओळ मात्र कोणी पाहत नाही. ती उसवली तरच तिच्याकडे लक्ष जाते. राज्यसंस्थेच्या अधिकाराची खूण ज्या टाक्यांवर तोललेली असते ते टाके घालणाऱ्या माणसाचा प्रश्न, हा आजचा विषय आहे.

शस्त्राचे म्यान हा समाजवादी कार्यकर्त्याच्या चिंतनाचा विषय कसा, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर सोपे आहे. जो कारागीर होल्स्टर शिवतो तोच शाळेचे दप्तर, घोड्याचा साज, कमरपट्टा आणि वहाणही शिवू शकतो. परंतु होल्स्टरमध्ये त्याच्या कौशल्याची सर्वांत कठीण परीक्षा होते. शिवाय या मालाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक स्वतः सरकार आहे. एखादे सरकार श्रमाला किती किंमत देते हे पाहायचे असेल, तर त्याने भाषणात काय सांगितले यापेक्षा त्याने बाजारातून काय आणि कसे विकत घेतले हे तपासणे अधिक उपयुक्त ठरते.

एका पट्ट्याचा इतिहास

जगभरच्या सैन्यांत आणि पोलीस दलांत गेलेला, खांद्यावरून तिरपा उतरणाऱ्या वादीचा जो पट्टा आहे, त्याचा जन्म हिंदुस्थानात झाला. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत पंजाबच्या घोडदळातला सॅम ब्राउन नावाचा इंग्रज अधिकारी ३१ ऑगस्ट १८५८ रोजी पिलीभीतजवळच्या लढाईत डावा हात गमावून बसला. तलवार उपसताना डाव्या हाताने म्यान धरावे लागते. तो हातच नाहीसा झाल्यावर म्यान जागच्या जागी राहील आणि तलवारीचे वजन कमरेवर न येता खांद्यावर विभागले जाईल, अशी योजना त्याने केली. उजव्या खांद्यावरून येणारी वादी, डाव्या बाजूला तलवार, उजव्या बाजूला पिस्तूल. पुढे हाच पट्टा साम्राज्यभर पसरला आणि आजही भारतात समारंभाच्या गणवेशावर तो ‘सॅम ब्राउन’ याच नावाने ओळखला जातो.

इतिहासात नाव राहिले ते पट्टा घालणाऱ्याचे. तो पट्टा कोणी कापला, कोणी शिवला, कातडे कोणी कमावले, यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. परंतु ती माणसे कोणत्या समाजातली होती हे सांगायला दप्तराची गरज पडत नाही. उठावानंतर इंग्रजी फौजेला खोगीर, लगाम, पट्टे आणि बूट इथल्या इथे हवे होते. कानपूरला गंगेचे पाणी होते, नवी आगगाडी होती, भोवतालच्या मुलखात बाभळीची साल मुबलक होती आणि चामड्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारा चर्मकार समाज होता. १८६० च्या दशकात तेथे सरकारी खोगीर-कारखाना उभा राहिला. १८८० च्या दशकात कूपर ॲलन कंपनीने फौजी बुटांचा मोठा कारखाना काढला. दोन्ही महायुद्धांत या शहरातून लक्षावधी सैनिकांचे बूट आणि पट्टे गेले. ज्याच्या सावलीचा विटाळ मानला जात होता, त्याच्याच हातचे चामडे कमरेला बांधून सवर्ण शिपाई कवायत करीत होता. विटाळ माणसाचा मानला गेला, त्याने केलेल्या वस्तूचा कधी मानला गेला नाही. अस्पृश्यतेच्या अर्थशास्त्राचे सूत्र या एका गोष्टीत सामावले आहे.

हाताला काय येते

ज्या कामाला ‘अकुशल’ म्हणून कमी दराने मोजले जाते, त्याचे स्वरूप आधी नीट समजून घेतले पाहिजे.

ओले कातडे काही दिवसांत कुजते. त्याचे न कुजणारे चामडे करणे म्हणजे कमावणे. बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा यांच्या द्रावणात कातडे आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही मुरवावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमियमच्या क्षारांची पद्धत आली आणि महिन्यांचे काम दिवसांवर आले. क्रोमचे चामडे मऊ, लवचीक, बुटाच्या वरच्या भागाला उत्तम. परंतु त्याला घडण धरून ठेवता येत नाही. सालीत कमावलेले चामडे भिजवून हव्या त्या आकारावर बसवले आणि वाळू दिले, की तो आकार कायम राहतो. म्हणून होल्स्टरला आजही सालीत कमावलेले चामडेच लागते.

पट्टा कापायचा तो कातड्याच्या पाठीच्या भागातून, कण्याला समांतर. पोटाकडचे चामडे सैल असते. त्याचा पट्टा काही महिन्यांत ताणून वाकडा होतो. कापणारा कारागीर अंगठा फिरवून चामड्याची जाडी आणि दाटपणा ओळखतो, मारलेल्या चाबकाचे वा गोचिडांचे व्रण टाळतो आणि कमीत कमी नासाडी होईल अशी आखणी करतो. या धंद्यात कच्च्या मालाचा खर्च सर्वांत मोठा असतो. म्हणजे रापीच्या एका फेऱ्यात मालकाचा नफा वाढतो किंवा बुडतो. तरीही रापी चालवणाऱ्याचा त्या नफ्यात वाटा नसतो.

मग कडेने एक बारीक चर पाडायचा, टाका त्यात बसला म्हणजे घासून झिजत नाही. खुणा सम अंतरावर करायच्या. आरीने एकेक भोक पाडायचे, तेही तिरपे आणि प्रत्येक वेळी त्याच कोनात. मेण चोळलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. यंत्राचा टाका याहून वेगळा असतो. त्यात वरचा दोरा वेगळा, खालचा वेगळा आणि दोघांची गाठ चामड्याच्या पोटात पडते. एक ठिकाणी दोरा झिजला की पुढचे टाके सुटत जातात. हाताच्या टाक्यात एक पदर तुटला तरी दुसरा पदर त्याच भोकातून गेलेला असतो. त्यामुळे ओळ उसवत नाही. खोगीर शिवणारे आजही हाच टाका वापरतात, कारण तेथे टाका तुटणे म्हणजे स्वार पडणे.

होल्स्टरचे काम याहून एक पायरी वरचे. पिस्तुलाच्या आकारावरून कागदी नमुना काढायचा. नळीची धार टाक्यावर घासू नये म्हणून शिवणीच्या मध्ये चामड्याची एक अरुंद पट्टी घालायची. शिवून झाल्यावर म्यान पाण्यात भिजवायचे, त्यात पिस्तूल किंवा त्याचा लाकडी साचा घालायचा आणि हाडाच्या वा गुळगुळीत लाकडाच्या हत्याराने चामडे त्याच्या प्रत्येक उंचवट्यावर दाबत जायचे. त्यानंतर ते सावलीत वाळवायचे. घाई करून विस्तवाजवळ ठेवले तर चामडे भाजून ठिसूळ होते. घडण सैल झाली तर शस्त्र धावताना पडेल आणि फार घट्ट झाली तर वेळेला निघणार नाही. या दोन्ही चुकांची किंमत कोणाच्या तरी जिवाने मोजावी लागते. म्हणूनच चामड्याच्या पट्ट्यात काडतुसे फार दिवस ठेवू नयेत हेही जुना कारागीरच सांगतो. चामड्यातल्या आम्लाने पितळेवर हिरवा कळक चढतो. हे ज्ञान पुस्तकात नंतर आले, ते आधी हाताला आले.

वेळेचा हिशेब

आता थोडा हिशेब करावा. उदाहरणादाखल बेचाळीस इंच लांबीचा, दुपदरी शिवलेला पट्टा घेऊ. दोन्ही कडांना, दर इंचाला सात टाके. म्हणजे ५८८ टाके झाले. सरावलेल्या हाताने मिनिटाला पाच टाके पडले, तर केवळ शिवणीला दोन तास लागतात. आठ तासांच्या दिवसात चार पट्टे, तेही कापणी, कडा घासणे, रंग, तेल आणि बक्कल बसवणे हे सर्व बाजूला ठेवून. म्हणजे प्रत्येक पट्ट्यात नुसत्या शिवणीचा दिवसाचा चौथा हिस्सा गुंतलेला आहे. पट्ट्याच्या किमतीत किमान वेतनाचा चौथा हिस्सा शिवणीसाठी धरलेला नसेल, तर उरलेली रक्कम कोठून येते? ती कारागिराच्या रात्रीच्या जागरणातून येते आणि भोके पाडत बसलेल्या त्याच्या बायकोच्या व मुलांच्या न मोजलेल्या श्रमातून येते.

नगावर मजुरी देण्याच्या पद्धतीत हेच घडते. यंत्राने शिवलेल्या पट्ट्याची किंमत बाजारात ठरते आणि त्या किमतीशी हाताने शिवणाऱ्याची मजुरी जुळवली जाते. त्याला वेळेचे नव्हे, नगाचे पैसे मिळतात. म्हणून वेळ वाढला तर तोटा त्याचा. मार्क्सने आपल्या ‘भांडवल’ या ग्रंथात नगावरच्या मजुरीचे स्वतंत्र प्रकरण घातले, ते उगीच नव्हे. ही पद्धत मालक आणि मजूर यांच्यामध्ये मध्यस्थांची साखळी उभी करते आणि मजुराला स्वतःच्याच श्रमाचा मुकादम बनवते, हे त्याने दाखवून दिले. आपल्याकडे त्या साखळीला आणखी एक कडी आहे, ती उचलीची. व्यापारी चामडे देतो, दोरा देतो, सणासुदीला किंवा आजारपणात उचल देतो आणि मग तयार माल दुसऱ्या कोणाला विकण्याची मोकळीक राहत नाही. कारागीर कागदोपत्री स्वतंत्र उद्योजक असतो. प्रत्यक्षात रापी आणि आरी सोडल्यास उत्पादनाचे कोणतेच साधन त्याचे नसते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता अमलात आल्या. वेतनाच्या संहितेत नगावरच्या कामालाही किमान वेतन ठरवण्याची तरतूद आहे. कागदावर हे योग्यच आहे. परंतु वेतन मागायचे तर मालक कोण हे आधी सिद्ध करावे लागते आणि उचलीच्या पद्धतीचे सारे कौशल्य मालकाला अदृश्य ठेवण्यात आहे. घरात बसून काम करणाऱ्यांच्या हक्कांविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली स्वतंत्र करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

जातीची उतरंड, कामाची उतरंड

महाराष्ट्रातल्या गावगाड्यात चामड्याचे काम एका जातीचे नव्हते. मेलेले जनावर ओढण्याचे काम महाराकडे, कातडे कमावण्याचे ढोराकडे, शिवण्याचे चांभाराकडे. एकाच वस्तूच्या तीन अवस्था आणि तीन अवस्थांत वाटलेली तीन माणसे. त्यांतला प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्यापेक्षा खालचा समजावा अशी ही व्यवस्था. जात केवळ काम वाटून देत नाही, काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या पुस्तकात जे मांडले, त्याचे याहून लख्ख उदाहरण सापडणार नाही. कानपूरच्या कारखान्यात खोगीर शिवणारा आणि कातडे कमावणारा एका फाटकातून आत जाऊ लागला, तेव्हा निदान ही तोड थोडी कमी झाली. याच शहरात १९२० च्या दशकात स्वामी अछूतानंदांच्या आदि हिंदू चळवळीला जोर मिळाला हा योगायोग मानता येत नाही.

या उद्योगाला प्रतिष्ठा देण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. गांधीजी १९१० नंतर दक्षिण आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मवर वहाणा करायला शिकले. त्यांनी केलेला एक जोड जनरल स्मट्स यांना भेट दिला होता आणि स्मट्स यांनी तो १९३९ साली गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त परत पाठवला. वर्ध्याजवळ नालवाडीला १९३० च्या दशकात गोपाळराव वाळुंजकरांनी मृत जनावरांच्या कातड्याचे चर्मालय चालवले. या प्रयत्नांमागची तळमळ खरी होती. परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. महात्म्याने शिवलेली वहाण इतिहासात गेली, ती वहाणेच्या शिवणीमुळे नव्हे. आयुष्यभर वहाणा शिवणाऱ्याला तो मान मिळाला नाही. श्रमाची प्रतिष्ठा श्रमाला चिकटली नाही, ती श्रम करणाऱ्या थोर माणसाला चिकटली.

येथे एक आक्षेप गंभीरपणे ऐकला पाहिजे. जातीने लादलेला धंदा टिकवण्याची खटपट पुरोगाम्यांनी का करावी? मेलेली जनावरे ओढण्याचे आणि मृत मांस खाण्याचे सोडा, असे आंबेडकरांनी आपल्या समाजाला बजावले आणि त्यातून एका समाजाचा स्वाभिमान उभा राहिला. मग चर्मकाराच्या मुलाने रापी का धरावी? उत्तर स्पष्ट आहे. त्याने ती धरलीच पाहिजे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु धंदा सोडण्याचे स्वातंत्र्य आणि धंद्यात सन्मानाने राहण्याचे स्वातंत्र्य, ही दोन्ही त्याला हवीत. आज घडते आहे ते उलटेच. मजुरी परवडत नाही म्हणून तो बाहेर फेकला जातो आणि बाहेर त्याची वाट पाहत असते ते कंत्राटी सफाईचे वा पहारेकऱ्याचे काम. कौशल्य गेले आणि जात राहिली, याला मुक्ती म्हणता येणार नाही. हे कौशल्य औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून कोणत्याही जातीच्या मुलामुलींना शिकवले जावे, शिकवणारा म्हणून जुन्या कारागिराला प्राध्यापकासारखे वेतन मिळावे, तेव्हाच धंदा जातीपासून सुटेल.

तीन धक्के

गेल्या दहा-बारा वर्षांत या उद्योगाला तीन धक्के बसले. पहिला कच्च्या मालाचा. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्येला बंदी होती. मार्च २०१५ मध्ये दुरुस्ती अमलात आली आणि बैल व वळू यांचाही त्यात समावेश झाला. बैलाचे जाड कातडे पट्ट्याला आणि वहाणेच्या तळाला सोयीचे. म्हैस कायद्याच्या बाहेर राहिली, परंतु भीती कायद्यापेक्षा लांब पोहोचते. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमध्ये उना तालुक्यातल्या मोटा समढियाळा गावी मेलेल्या गाईचे कातडे सोडवणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर मारहाण झाली. जे काम शतकानुशतके सक्तीने करवून घेतले, तेच केल्याबद्दल मार. उत्तरादाखल गुजरातेतल्या दलितांनी मेलेली जनावरे उचलण्याचे नाकारले, तेव्हा गावोगाव कुजणाऱ्या जनावरांनी या श्रमाचे सामाजिक मोल सर्वांच्या नाकाला कळवले.

दुसरा धक्का संघटित कारखान्याचा. कानपूरचा जुना खोगीर-कारखाना स्वातंत्र्यानंतर आयुध निर्माणी मंडळाखाली चालत राहिला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ते मंडळच बरखास्त झाले, ४१ कारखाने ७ कंपन्यांत वाटले गेले आणि हा कारखाना ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेड या कंपनीकडे गेला. कामगार संपाच्या तयारीत होते, तेव्हा ३० जून २०२१ च्या वटहुकमाने संरक्षण उत्पादनातला संपच बेकायदेशीर ठरवण्याचा मार्ग खुला केला. सरकारी कारखान्यातल्या शिवणाऱ्याची वेतनश्रेणी ही सर्व शिवणाऱ्यांसाठी एक मोजपट्टी असते. ती मोजपट्टी डळमळली की गल्लीतल्या कारागिराचा दरही खाली येतो.

तिसरा धक्का जागेचा. धारावीत एके काळी कातडे कमावण्याचे कारखाने होते. ते शहराबाहेर गेले, पण पट्टे, पाकिटे आणि पिशव्या करणाऱ्या खोल्या राहिल्या. त्यांतले बरेच काम पोटमाळ्यावर चालते. २०२२ च्या निविदेनंतर धारावीच्या पुनर्विकासाचे काम अदानी समूहाकडे गेले. घरटी किती चौरस फूट मिळणार याची चर्चा पुष्कळ होते. परंतु जेथे वर कारागीर शिवतो, खाली दुकानदार विकतो, शेजारी बक्कलवाला आणि पलीकडे रंगवाला बसतो, ती शेजारसाखळी हेच या उद्योगाचे भांडवल आहे. ती कोणत्याही आराखड्यात मोजली जात नाही.

नाव वाचते, मजुरी वाचत नाही

काही जण म्हणतील की भौगोलिक मानांकनाने प्रश्न सुटेल. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली ते मिळाले, महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला उगमाचा उल्लेख न करता मांडल्या. इथे गदारोळ झाला आणि कंपनीला उगम मान्य करावा लागला. हे चांगलेच झाले. परंतु मानांकन वस्तूचे नाव राखते. ती वस्तू शिवणाऱ्याला किती मिळावे याविषयी ते एक अक्षरही बोलत नाही. नावाचा अभिमान सगळ्या जिल्ह्याने बाळगावा आणि पाठदुखी एकट्या कारागिराने सोसावी, अशी ही वाटणी आहे.

मग करायचे काय? प्रथम सरकारी खरेदी. केंद्र सरकारच्या २०१२ च्या आदेशानुसार केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी खरेदीचा ठरावीक वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा आहे. तो पुढे २५ टक्के झाला आणि त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आहेत. परंतु हा आदेश उद्योगाच्या मालकाची जात पाहतो, टाका घालणाऱ्याची मजुरी पाहत नाही. शिवाय निविदेत सर्वांत कमी दराला काम जाते. हाताने शिवलेला पट्टा उसवला तर पुन्हा शिवता येतो, साच्यातून काढलेले प्लास्टिकचे म्यान तडकले तर फेकावे लागते. किती वर्षे टिकेल हा रकाना निविदेत नसल्याने टिकाऊपणा तोट्याचा ठरतो. धावपळीच्या कामगिरीसाठी प्लास्टिकचे म्यान सोयीचे असेल तर पोलिसांनी ते जरूर वापरावे. यंत्राशी आणि नव्या पदार्थाशी समाजवाद्यांचे भांडण नाही. परंतु चामड्याचे म्हणून जे काही राज्य सरकार विकत घेते, त्याच्या दरात शिवणीच्या तासांचे किमान वेतन दाखवल्याशिवाय निविदा स्वीकारू नये, ही मागणी अवाजवी नाही.

दुसरे, मंडळ. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. हमालाचा मालक रोज बदलतो. म्हणून मालक आणि टोळी दोघांचीही मंडळाकडे नोंदणी, मजुरी मंडळामार्फत आणि तिच्यावर भविष्यनिधी, रजा, औषधोपचार यांसाठी अधिभार, अशी ती योजना. जेथे मालक अदृश्य आहे तेथेही कामगाराला हक्क देता येतो, हे या राज्याने देशाला दाखवले. चामड्याच्या कारागिराचा मालकही तसाच अदृश्य आहे. मग तोच मार्ग त्याला बंद का?

तिसरे, सहकार. येथे महाराष्ट्राने स्वतःला एक अडचणीचा प्रश्न विचारला पाहिजे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली. या काळात ऊस, दूध, सूतगिरण्या यांचा सहकार फोफावला. चामड्याचा फोफावला नाही. कारण उघड आहे. ऊस पिकवणाऱ्याकडे तारण ठेवायला जमीन होती. चर्मकाराकडे फक्त कसब होते आणि कसब बँकेला तारण चालत नाही. राज्याने १९७४ साली चर्मोद्योग विकास महामंडळ काढले, आज ते संत रोहिदासांच्या नावाने चालते. त्या महामंडळाने व्यक्तीला कर्ज देण्यापेक्षा सामूहिक कातडे-भांडार चालवावे, चामडे उधारीवर कारागिरांच्या संस्थांना द्यावे आणि सरकारी मागणीची हमी मिळवून द्यावी. व्यापाऱ्याची पकड चामड्यावर आहे. ती सुटली की उचलीची पकड आपोआप सैल होईल.

हे सर्व कायदेमंडळात मागायचे आहे, परंतु त्याआधी कार्यकर्त्यांच्या हाताशीही काम आहे. प्रत्येक तालुक्यात चामड्याचे काम करणारे किती, त्यांपैकी नगावर किती, उचलीत अडकलेले किती, बायका किती, ही साधी यादीही तयार नाही. ती वस्तीत बसून करता येते. जिल्हा पोलीस कार्यालयाने पट्टे व म्याने कोणाकडून, कोणत्या दराने घेतली, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने विचारता येते. पंचवीस जिल्ह्यांतून असे पंचवीस अर्ज गेले आणि त्यांची उत्तरे एकत्र मांडली, तर या विषयावरचा पहिला खरा अहवाल तयार होईल. चळवळीला आकडे लागतात आणि आकडे वस्तीतूनच उभे राहतात.

हाताने शिवणारा कारागीर ओळीच्या शेवटी गाठ मारत नाही. गाठ टोचते आणि झिजली की सुटते. तो दोन्ही सुया मागे फिरवतो, आधी घातलेल्या दोन-तीन टाक्यांतून पुन्हा नेतो आणि मग दोरा कापतो. आधीच्या टाक्यांनीच शेवटचा टाका धरून ठेवलेला असतो. संघटनाही अशीच बांधावी लागते. समारोपाच्या घोषणेने ती टिकत नाही. वस्तीत पुन्हा पुन्हा मागे जावे लागते.